रुळाची घंटा

लिंबाच्या आडव्या फांदीला साखळीनं टांगलेला हातभर लांबीचा रूळ. वजन वीस किलोच्या आसपास. एकट्यानं उचलून टांगायचा म्हटला तर कंबर धरते. साखळी ज्या भोकातून ओवली आहे ते भोक आम्ही पाडलेलं नाही. दोन रूळ जोडताना बाजूनं पट्टी लावून बोल्ट आवळतात, त्या बोल्टाचं ते भोक. म्हणजे हा तुकडा रुळाच्या टोकाचा. एक रूळ संपून दुसरा सुरू व्हायचा आणि गाडीचं प्रत्येक चाक जाताना खट्ट वाजायचं, त्या जागेचा. वाजायची सवय त्याला आमच्याकडं येण्याआधीपासूनची.

सगळं अंग गंजून तपकिरी झालेलं. पावसाळ्यात हात लावला तर बोटं लाल होतात. खालच्या टोकाला रुपयाएवढी एकच जागा चकचकीत, तिथं गज बसतो. किती वर्षं, किती हात, याचा हिशेब त्या एका ठिकाणी आहे. पहिलीतली पोरं टाचा उंचावून त्या जागेत आपलं तोंड बघायची. रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं आहेत, त्यातले 18 एवढेच दोन आकडे वाचता येतात. पुढचे दोन कापणाऱ्यानं कापून नेले.

शिरूरला रेल्वे नाही. घोड नदीच्या अंगाला आमची वस्तीशाळा, सगळा उसाचा मुलूख, तिथं रूळ आला तो दौंडहून. माझ्या आधीच्या गुरुजींनी तिथल्या भंगारवाल्याकडून वजनावर घेतला आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणला, असं वाडीतली म्हातारी माणसं सांगत. दौंड हे रेल्वेवर उभं राहिलेलं गाव. सोलापूरकडची लाइन आधीची, मग 1878 साली दौंड-मनमाड सुरू झाली आणि गाव जंक्शन झालं. त्या भागात कुणाच्या कुंपणाचा खांब रुळाचा, कुणाच्या गोठ्याची तुळई रुळाची, आणि शाळाशाळांतून घंटाही रुळाचीच. ते अर्धवट 18 पाहून मला नेहमी वाटायचं, हा तुकडा मनमाड लाइनीच्या पहिल्या वर्षांतला असावा. पुरावा काही नाही. पण गंजलेल्या वस्तूलाही एक बालपण असावं, असं शाळामास्तराला वाटतंच.

त्याचा आवाज ऋतूप्रमाणं बदलायचा. वैशाखात कोरडा, कडक, ओढ्यापलीकडच्या वाडीत सरळ पोचणारा. थंडीत सकाळी पहिला टोल जरा घोगरा, मग गळा मोकळा. भर पावसात मात्र लांबून येणारा, जणू रूळ पाण्याखाली टांगलाय. वाडीतल्या बायका त्याच्या आवाजावर चुलीवरचं दूध उतरवायच्या. ऊसतोड सुरू झाली की फडातले कामगार त्याच्या दुपारच्या टोलाला कोयता खाली ठेवून भाकरी सोडायचे. लांबून आलेली, कोप्यांत राहणारी माणसं. आमची शाळा त्यांची नव्हती, घंटा मात्र त्यांचीही होती.

प्राथमिक शाळेत कुठला शिपाई? पहिली ते पाचवी, पट तेवीस, शिक्षक दोन. घंटा पोरंच वाजवायची. हजेरीच्या क्रमानं दर सोमवारी गज पुढच्याकडं जायचा. "आज कुणाचा आठवडा?" एवढं विचारलं की कळायचं. ज्याचा आठवडा तो दहा मिनिटं आधी शाळेत यायचा, गज कमरेला खोचून हिंडायचा, पाणी पितानाही खाली ठेवायचा नाही. पहिलीतल्याचा आठवडा असला तर त्याला कुणीतरी उचलून धरायचं. रडणारं, तोतरं, कधी वर्गात तोंड न उघडणारं पोर त्या आठवड्यात तेवीस जणांना आत-बाहेर करायचं. मी शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा हा धडा त्यांना पक्का समजला होता, असं मला आजही वाटतं.

विल्यम गोल्डिंगच्या कादंबरीतला शंख मला भेटला तो याच काळात. 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' इंग्रजीत 1954 साली आली. जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली, आणि मी ती मराठीतूनच वाचली. गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता, आणि युद्धाआधी नि नंतर इंग्लंडात सॉल्सबरीच्या मुलांच्या शाळेत मास्तर. अनेक प्रकाशकांनी परत पाठवलेलं हे त्याचं पुस्तक. पुढं 1983 साली त्याला नोबेल मिळालं. पण मला त्यातलं मास्तरपण आधी दिसलं. मधल्या सुट्टीत पोरांकडं उभ्या उभ्या बघितल्याशिवाय कुणी असं लिहू शकत नाही.

विमान पडून मुलं बेटावर अडकतात. मोठं माणूस एकही नाही. राल्फला पाण्यात शंख सापडतो. तो फुंकून वाजवता येतो हे ठाऊक असतं चष्मेवाल्या, दम्याच्या पिगीला. आवाज ऐकून बेटभर विखुरलेली पोरं गोळा होतात. मग मुखत्यार निवडायचा तर शंख ज्याच्या हातात होता त्यालाच पोरं निवडतात. आपल्याकडं म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी. इथं सशाच्या जागी शंख. पण राल्फ त्या शंखाला एक नेम लावतो, आणि तो मला फार आवडला: सभेत ज्याच्या हातात शंख, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. लहानातलं लहान पोरही शंख हातात धरून उभं राहिलं की बेट गप्प. आमच्या गजासारखंच ते.

मग भीती येते. एक लहानगं म्हणतं, रात्री जनावर दिसलं. जनावर नसतंच, पुढं डोंगरावर जे दिसतं तेही हवाई छत्रीला अडकलेलं मेलेलं माणूस असतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जॅक नावाचा मुलगा ओळखतो की ज्याला राज्य हवं त्यानं शंखाशी झुंजायचं नाही, जनावराला हाताशी धरायचं. मी शिकार करीन, मी राखीन, माझ्या मागं या. पोरं जातात. शंख तोच राहतो, त्याचा आवाजही तोच, पण ऐकणारे उठून गेलेले असतात. शेवटी कड्यावरून लोटलेल्या धोंड्याखाली पिगी आणि शंख एकाच क्षणी संपतात.

चौथी-पाचवीला मी ही गोष्ट माझ्या शब्दांत चार-पाच शनिवार सांगितली. पिगी मेला तिथं एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, शंख कशाला फुटंल असा घ्यावा? आपला रूळ घ्यायचा." सगळे हसले. मीही हसलो. मला ते उत्तर पटलं होतं, आणि तिथंच मी चुकलो.

रूळ फुटत नाही, हे खरं. पण गज हातातून जाऊ शकतो.

पाचवीत एक थोराड मुलगा होता. त्यांचं घर वस्तीच्या टोकाला, उसाला लागून. आमच्याकडं बिबट्याला बिबट्या कमीच म्हणतात, वाघ म्हणतात. उसात वर्ष-दीड वर्ष आडोसा मिळतो, पाणी मिळतं, तिथंच मादी वीत टाकते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, चारी तालुके एका जुन्नर वनविभागाखाली येतात, आणि चारी तालुक्यांत उसाबरोबर वाघ वाढला. या मुलाच्या दारातलं कुत्रं रात्री वाघानं उचललं होतं. त्यानं खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं वाघाबद्दल तो बोलला की तेवीस जणांत त्याच्या शब्दाला वजन होतं. कुणी पाहिलंच नव्हतं तर उलट काय बोलणार?

त्यानं आधी एका बुजऱ्या पोराचा आठवडा दोन मुठी बोरांना घेतला. मग दुसऱ्याचा. मग फुकटच. "मळ्याच्या वाटंला वाघ बसलाय. माझ्या मागनं आला तर नेतो." त्याच्या मागं जायचं तर चिंचा द्यायच्या, खोडरबर द्यायचं, ज्या दिवशी शाळेत केळं मिळे त्या दिवशी केळं. दोन चौथीतले त्याचे हस्तक झाले. बळी तो कान पिळी हे मी फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगत होतो आणि तेच पटांगणात माझ्या पाठीमागं चाललं होतं. दीड महिना गज त्याच्याच कमरेला होता. मला कळलं नाही, कारण घंटा वेळेवर वाजत होती. एक मिनिट इकडंतिकडं नाही. घंटा वाजते आहे म्हणजे सगळं जागेवर आहे, अशी माझी समजूत. कान टोल ऐकत होते. टोल कुणाच्या हातचा, हे ऐकायला मी विसरलो होतो.

या मुलाला मी दुष्ट म्हणणार नाही. जॅकलाही पूर्वी म्हणायचो, आता म्हणवत नाही. ज्यानं कुत्र्याचं केकाटणं मध्येच थांबलेलं ऐकलंय, त्याला स्वतःची भीती एकट्यानं बाळगण्यापेक्षा बावीस जणांत वाटून टाकणं सोपं गेलं असेल. पण वाटताना त्यानं तिचं भाडं घेतलं, तिथं बिघडलं.

वाघाची भीती खोटी आहे असं म्हणायची सोय आमच्या तालुक्यात कुणाला नाही. मी निवृत्त झाल्यावर, 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबूत या शेजारच्या गावांत तीन आठवड्यांत तीन बळी गेले. दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. मान वाचावी म्हणून. गोल्डिंगच्या बेटावर जनावर नव्हतं, आमच्याकडं आहे. म्हणूनच मला सांगायचंय ते नीट सांगतो: उसातला वाघ वेगळा आणि तोंडातला वाघ वेगळा. उसातल्या वाघासाठी उजेड लागतो, सोबत लागते, पिंजरा लागतो, वनखात्याचा माणूस वेळेवर लागतो. तोंडातला वाघ यातलं काहीच मागत नाही, तो फक्त मागं चाला म्हणतो. भीती खरी असली की दुसरा वाघ पहिल्याच्या कातड्यात सहज लपतो. लेकरांना तो फरक सांगणं हे मोठ्यांचं काम, आणि दीड महिना मी ते केलं नाही.

टोंगा बेटांवरच्या सहा मुलांची हकिकत मी नंतर वाचली. 1965 साली शाळेला कंटाळून त्यांनी एक होडी पळवली, वादळात सापडली, भरकटत अता नावाच्या ओसाड बेटाला लागली. पंधरा महिने तिथं होती. 1966 च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला दिसली तेव्हा सहाही जिवंत होती. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी ओंडके पोखरले होते, बाग केली होती, पेटवलेला विस्तव विझू दिला नव्हता. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बसवला. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन बाजूंना जाऊन राग थंड करायचा. कामं जोड्या लावून वाटलेली. ही हकिकत सांगून लोक म्हणतात, पाहा, गोल्डिंग खोटा ठरला. मला तसं वाटत नाही. त्या सहा जणांत जनावर दाखवून राज्य मागणारा कुणी उठला नाही आणि प्रत्येकाचा आठवडा प्रत्येकाला मिळत राहिला. गोल्डिंगच्या बेटावर उठला. दोन्ही गोष्टी मुलांच्याच आहेत. दोन्ही मी एकाच पटांगणात पाहिल्यात.

त्या दीड महिन्यातलेच परतीच्या पावसाचे दिवस होते. सोबतचे शिक्षक प्रशिक्षणाला तालुक्याला गेलेले. मी पोषण आहाराची कागदं द्यायला दुपारी केंद्रशाळेत गेलो, तासाभरात येतो म्हणून. खिचडी करणाऱ्या ताई भांडी घासून घरी गेल्या. तेवीस लेकरं एकटी ठेवून मी गेलो ही चूक माझी, तिला दुसरं नाव नाही. आमची शाळा ओढ्याच्या अलीकडं, वाडी पलीकडं, मधे फरशी. वर कुठंतरी ढग फुटला. साडेचारला मी पोचलो तेव्हा फरशीवरून छातीएवढं पाणी चाललं होतं. समोरच्या काठाला शाळा, तिच्या पाठीला नदीपर्यंत ऊस. वीज गेलेली. सहा वाजता अंधारून आलं. काठावर आयाबाया नावं घेऊन हाका मारत होत्या, पण पाण्याच्या घोंगाटात हाक दोन हातांपलीकडं जात नव्हती.

आत काय झालं ते मला पुढं आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाचवीतल्या त्या थोराड मुलानं सगळ्यांना एका खोलीत घेतलं. दारात दोघे हस्तक बसवले. उरलेली खिचडी स्वतः वाटली, मागं चालणाऱ्यांना आधी. एवढ्यापर्यंत त्यानं बरंच नीट केलं, हेही सांगायला हवं. मग दुसरीतली एक बारकी पोर म्हणाली, घंटा वाजवू, म्हणजे गुरुजींना कळंल. तो म्हणाला, "घंटा वाजवली का वाघ आवाजानं येतो. रडायचं पण न्हाई. गप बसा." आणि गज विजारीत पाठीमागं खोचून भिंतीला टेकून बसला. पोरं गप्प झाली. अंधारात तेवीस जण श्वास धरून. बाहेर उसात वारा.

महिन्यापूर्वी वनरक्षक शाळेत येऊन गेले होते. उसाच्या वाटेनं जाताना एकट्यानं जाऊ नका, मोठ्यानं बोला, गाणी म्हणा, माणसाचा आवाज आला की बिबट्या सहसा बाजूला होतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. ती बारकी म्हणाली, "वनखात्याचे सायेब म्हणले नव्हते का, आवाज केला का त्यो लांब जातो?" कुणी बोललं नाही. ती उठली. दारातल्या दोघांनी तिला का अडवलं नाही, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तिनं स्वयंपाकाच्या खोलीतला वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि पावसात लिंबाखाली गेली. रुळाला तिचा हात पोचेना. तिच्या मागून एक गेला, त्यानं तिला उचललं. मग आणखी दोघी.

हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी वाडीकडच्या काठावर गुडघाभर चिखलात उभा होतो. आधी एक बद्द आवाज आला. ठप्प. दगडावर दगड पडावा तसा. आमच्या घंटेचा तो आवाज नव्हे. थांबून पुन्हा ठप्प. हाका मारणाऱ्या बाया गप्प झाल्या. मी म्हणालो, रूळ आहे, पण गज नाही. बराच वेळ ते चाललं, मग थांबलं. त्या थांबण्यात काय झालं ते मी त्या मुलाला कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

मग लोखंडावर लोखंड बसलं. पाण्याच्या वरून, खणखणीत. कोरड्या दिवसातला टोल असावा तसा. एक भारी टोल, मोठ्या पोराच्या हातचा. मग एक हलका. मग मधला. मग एक इतका बारीक की पाण्यात बुडता बुडता कानाला लागला. पुन्हा भारी. दोन टोलांच्या मधे थोडं थांबणं होतं, गज एका हातातून दुसऱ्या हातात जायला लागतो तेवढं. ट्रॅक्टर पाण्यात घालता यायला साडेआठ वाजले. तोवर घंटा थांबली नाही आणि लागोपाठ दोन टोल सारखे आले नाहीत.

माझ्या शेजारी डोक्यावर पोतं घेतलेली एक बाई उभी होती. ती मान तिरकी करून ऐकत होती. एक टोल आला, जेमतेम वाजलेला.

"ही आमची," ती म्हणाली, आणि पुढचा टोल कुणाचा म्हणून पलीकडच्या बाईकडं पाहिलं.